शेतावर ठेवायला बंदूक कोणती घ्यावी? बिबट्याच्या पट्ट्यातला हिशोब

'शेतावर ठेवायला चांगली रायफल कोणती?' हा प्रश्न इंटरनेटवर टाकला की उत्तरांचा ढीग पडतो, आणि त्यातली जवळपास सगळी उत्तरं अमेरिकेतली असतात. तिकडे या प्रकाराला नावच आहे, 'रँच रायफल'. रुगर कंपनीच्या एका मॉडेलचं तर अधिकृत नावच ते आहे. कल्पना सोपी आहे. गाडीत किंवा गोठ्याच्या दाराशी एकच बंदूक असावी आणि तिने कोयोटीपासून रानडुकरापर्यंत सगळी कामं उरकावीत. हलकी, टिकाऊ, गोळ्या स्वस्त.

माझं गाव निमगाव सावा, जुन्नर तालुक्याच्या पूर्व भागातलं. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, शेती वडील आणि चुलते बघतात. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड परिसरात, बिबट्याच्या हल्ल्यांत काही आठवड्यांत तीन माणसं गेली. त्यातली दोन तर मुलं होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जाऊ लागल्या, ते फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्याच दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, मेसेज आला: "तू इंजिनिअर ना, मग जरा बघून सांग, शेतावर ठेवायला कुठली बंदूक घ्यावी."

प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता. रात्री दारं धरायला तेच जातात. म्हणून मी कायदा वाचला, गोळ्यांचे आकडे काढले आणि आमच्या रानाला ते लावून बघितले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

कायदा आधीच अर्धं उत्तर देतो

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आहे आणि त्याखालचे २०१६ चे नियम आहेत. कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकराखणीचा सरळ उल्लेख आहे. पिकाच्या राखणीसाठी परवाना मागितला तर कायद्याच्या डोळ्यासमोर पहिली बंदूक येते ती ठासणीची. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची, जुन्या चित्रांत असते ती. एक बार झाला की परत भरायला वेळ लागतो. एवढ्याने राखण होणार नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं, तर तो दुसरी एखादी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करू शकतो. नळी किमान २० इंच लांब हवी.

'गुळगुळीत नळी' हे शब्द नीट बघा. रायफल म्हणजे जिच्या नळीच्या आत पिळाच्या खाचा असतात ती. खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत निघते, भोवऱ्यासारखी स्थिर राहते आणि लांब, सरळ जाते. गुळगुळीत नळीत या खाचा नसतात, तिच्यातून सहसा छर्रे मारतात. पिकाच्या राखणीसाठी कायद्याने सोपी वाट ठेवली आहे ती दुसऱ्या प्रकाराला. रायफल मागायला बंदी नाही, पण तिथे 'सबळ कारण' अधिकाऱ्याला पटवून द्यावं लागतं आणि निर्णय त्याच्या हातात असतो.

म्हणजे तात्यांच्या प्रश्नातून रायफल तशी पहिल्याच पानावर मागे पडते. मला आधी वाटलं, हा नेहमीचा सरकारी संशयीपणा. पण गोळ्यांचे आकडे बघितल्यावर कायदा लिहिणाऱ्यांनी शेताचा विचार बरा केला होता असं म्हणावं लागलं.

गोळी कुठे थांबते?

बंदुकीची जाहिरात वाचली की ती किती लांब मारते हे कळतं. शेतावर प्रश्न उलटा असतो: नेम चुकला तर गोळी कुठपर्यंत जाईल?

भारतात साध्या नागरिकाला परवान्यावर मिळू शकणाऱ्या रायफली मोजक्याच. पॉइंट २२ ही सगळ्यात लहान. तिची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर. शाळेतलं सूत्र लावा, वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणा, सुमारे १४० ज्यूल येतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही गोळी योग्य कोनात सुटली तर दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. मग .३१५, बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनणारी. ती जन्मालाच आली इंग्रजांमुळे. लष्करी मापाची काडतुसं लोकांच्या हाती लागू नयेत म्हणून नागरिकांसाठी हे वेगळं माप काढलं. आणि मग .३०-०६, जिची ऊर्जा ३,७०० ज्यूलच्या वर जाते आणि गोळी चार किलोमीटरच्या पुढेही जाऊ शकते.

आता आमचं रान. सपाट जमीन, उसाचे फड, मधे कांदा, आणि दर दोन-तीनशे मीटरवर कुणाची तरी वस्ती. उसाच्या पाल्याने गोळी थांबत नाही. पलीकडे कोण दारं धरतंय, कुठल्या गोठ्यात दूध काढणं चाललंय, रात्री काहीच दिसत नाही. बंदूक चालवायला शिकवताना जगभर एक नियम सांगतात: निशाण्याच्या मागे काय आहे ते माहीत असल्याशिवाय चाप ओढू नका. टेक्सासच्या माळावर शेजाऱ्याचं घर कित्येक मैलांवर असतं, तिथे हा नियम पाळता येतो. आमच्याकडे दीड किलोमीटरची त्रिज्या घेऊन गुगल मॅपवर वर्तुळ काढून बघा. त्यात शाळा येते, बसस्टँड येतो, आख्खी वाडी येते. मी काढलं होतं आणि त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. त्यानंतर रायफलीचा विषय कुणी काढला नाही.

बारा बोअरची गोष्ट वेगळी आहे. बारा बोअर म्हणजे काय, याचं उत्तर मजेशीर आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर एकेक गोळा जेवढ्या व्यासाचा होईल, तेवढी नळी. साधारण साडेअठरा मिलीमीटर. त्यात जे काडतूस जातं त्यात एक गोळी नसते, छर्रे असतात. ३२ ग्रॅमचे छर्रे सेकंदाला ३८० मीटरने निघाले तर एकूण ऊर्जा २,३०० ज्यूलच्या आसपास भरते, पॉइंट २२ च्या सोळापट. पण ती वाटली जाते. सहा नंबरचे बारीक छर्रे असतील तर तीनशेच्या आसपास दाणे, प्रत्येकाच्या वाट्याला सात-आठ ज्यूल. हे दाणे हवेच्या विरोधाने लवकर मंदावतात आणि दोन-सव्वादोनशे मीटरवर जमिनीवर येतात. कामाचा पल्ला तर तीस-पस्तीस मीटरच. एसजी नावाचे मोठे छर्रे नऊ-दहाच मावतात, ते मात्र सहाशे मीटरपर्यंत जाऊ शकतात, म्हणून 'छर्राच आहे' म्हणून निर्धास्त होऊ नका.

तेव्हा नुसतं 'कोणती' याचं उत्तर हवं असेल तर ते असं: एकनळी किंवा दुनळी बारा बोअर. जितकी साधी तितकी बरी. मधून मोडून उघडणारी असली की आत काडतूस आहे का हे एका नजरेत दिसतं, आणि घरात पोरंबाळं असताना हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. काडतुसं तर आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातही बनतात.

पण ती नेमकी कुणावर चालवणार?

सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला पहिल्या दिवसापासून एक सवय लावतात: क्लायंट 'मला अॅप पाहिजे' म्हणाला तरी आधी विचारायचं, अॅप कशासाठी पाहिजे? तात्यांना मी तेच विचारलं. उत्तरात बिबट्या होता, वानरं होती, रानडुक्कर होतं आणि थोडे चोर होते.

बिबट्यापासून सुरू करू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बिबट्या अनुसूची एकमध्ये आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नाही, हे दोन वेगळे कायदे आहेत. बिबट्या माणसाच्या जिवाला धोका झालाय असं ठरवून त्याला मारायची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. विनापरवाना मारला तर तीन ते सात वर्षं तुरुंगवास आणि किमान २५,००० रुपये दंड. मात्र कलम ११ मध्ये एक महत्त्वाची सूट आहे. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना, प्रामाणिक हेतूने, प्राणी मेला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा नाही. हे शेतकऱ्याला माहीत असलंच पाहिजे. कोयत्याने, काठीने झुंज देऊन वाचलेल्या माणसाने केसच्या भीतीने गप्प बसायचं कारण नाही. पण 'शेळी नेली म्हणून मारला' किंवा 'बांधावर बसला होता म्हणून मारला' हे या सुटीत बसत नाही.

समजा कायदा बाजूला ठेवला. तरी गणित जमत नाही. बिबट्या जोरात पळाला तर ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे सेकंदाला पंधरा मीटर. उसाच्या सरीत दारं धरताना तुम्हाला पुढचं किती दिसतं? दोन-तीन मीटर. बांधावर उभे असाल आणि फडाची कड दहा मीटरवर असेल, तर तो तुमच्यापर्यंत पाऊण सेकंदाच्या आत पोचतो. त्या वेळात खांद्यावरची बंदूक काढणं, रोखणं, खटका सोडणं हे सरावाच्या माणसालाही अवघड. तुमच्या एका हातात फावडं आणि दुसऱ्यात बॅटरी असते. शिवाय बिबट्या समोरून गर्जना करत येत नाही. तो वाकलेल्या, बसलेल्या माणसावर मागून किंवा बाजूने येतो, कारण वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावराएवढा दिसतो. दारं धरणं, गवत कापणं, कांदा खुरपणं, सगळी कामं वाकूनच होतात.

पिंपरखेडचा बिबट्या मारला गेला तेव्हा वनविभागाच्या पथकाकडे उष्णता टिपणारा ड्रोन होता, भूल देणारी डार्ट होती आणि प्रशिक्षित नेमबाज होते. डार्ट चालली नाही, बिबट्या अंगावर आला, तेव्हा गोळी घातली. एवढी तयारी एका बिबट्यासाठी, तोही कुठे आहे हे आधी शोधून. आपण पाण्याच्या पाळीला जाताना खांद्याला एकनळी लटकवून त्याच्या जवळपासही पोचत नाही. अर्धवट लागलेल्या छर्ऱ्याने बिबट्या मरत नाही, लंगडतो. नीट शिकार न करता येणारा बिबट्या वस्तीजवळ असणं हे आधीच्यापेक्षा वाईट.

आणखी एक गोष्ट, जी माझ्यासाठी नवी होती. जुन्नर हे बिबट्यांच्या अभ्यासकांना जगभर माहीत असलेलं नाव आहे. २००० नंतरच्या काळात इथे बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडण्याचा सपाटा लावला होता. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला, तर हल्ले कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. ओळखीच्या हद्दीतला बिबट्या काढला की तिथे दुसरा, बहुतेकदा तरुण आणि परिसर नवा असलेला, येऊन बसतो. कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, आडसाली ऊस तर दीड वर्ष उभा राहतो. पाणी आहे, लपायला जागा आहे, कुत्री आणि शेळ्या आहेत. बिबट्यांच्या कित्येक पिढ्या उसातच जन्मल्या आहेत. एक मारून ही जागा रिकामी होत नाही.

रानडुकराचं वेगळं. ते अनुसूची दोनमध्ये आहे, आणि उभ्या पिकाचं नुकसान हे कारण कायद्याला चालतं. अधिकार दिलेल्या वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी घ्यावी लागते. इथे बारा बोअरला खरोखर काम आहे. विदर्भात रानडुक्कर आणि रोही रात्रीत शेत साफ करतात, तिथला शेतकरी बंदूक मागतो तेव्हा त्याची गरज आमच्यापेक्षा वेगळी आणि जास्त खरी आहे. आमच्या भागात डुकराचा एवढा उच्छाद नाही. मोर कांद्यात, भुईमुगात घुसतो, पण तोही अनुसूची एकमध्ये, त्याला हात लावायचा नाही.

आणि चोर? पंपाची केबल चोरणाऱ्यावर गोळी झाडली तर तुरुंगात कोण जाईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आवाजापुरतं काही?

मग पुढचा प्रश्न येतो: मारायचं नाही, पण भिती घालायला एअरगन घेऊ का? २० ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या, ४.५ मिलीमीटरपर्यंतच्या एअरगनला परवाना लागत नाही, म्हणून ती सर्रास मिळते. शेतीत तिचा उपयोग मला सापडला नाही. आवाज किरकोळ, आणि तिने पक्षी किंवा वानर मारलं की वन्यजीव कायदा लागू शकतो, बंदूक विनापरवाना असली म्हणून गुन्हा माफ होत नाही.

त्याहून वाईट म्हणजे पीव्हीसी पाइपची कार्बाइड गन. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी पडलं की अॅसिटिलीन वायू तयार होतो, तो पेटवला की धडाम. वानरं पळवायला शेतकरी ती वापरतात. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच गनमुळे कितीतरी मुलांचे डोळे गेले, कारण बार का उडाला नाही म्हणून त्यांनी पाइपात डोकावून बघितलं. ही वस्तू घरात ठेवू नका, एवढंच सांगतो.

कुंपणात थेट घरचा करंट सोडणं हा तिसरा प्रकार. सौर कुंपणाचा झटका आणि हा करंट यात लोक गल्लत करतात. सौर कुंपणाचं यंत्र सेकंदाला साधारण एकदा, क्षणाच्या अगदी लहान तुकड्यापुरता, हजारो व्होल्टचा पण मोजक्या ऊर्जेचा ठोका देतं. आंतरराष्ट्रीय मानकात एका ठोक्याला कमाल पाच ज्यूलची मर्यादा आहे. मधल्या वेळेत हात सोडवता येतो. मेनलाइनचा करंट सलग असतो, स्नायू आखडतात आणि माणूस तारेला चिकटतो. त्यात दरवर्षी बिबटे मरतात आणि शेतकरीही मरतात.

एआय कॅमेरा: माझ्या धंद्याची गोष्ट

जुन्नर वनविभागाने काही ठिकाणी एआय कॅमेरे आणि सायरन बसवले आहेत. 'तुमच्या क्षेत्रातलं आहे, आपल्या वस्तीवर बसवू' असं घरातून लगेच आलं. यंत्रणा अशी चालते: अंधारात बघणारा कॅमेरा हालचाल दिसली की चित्र घेतो. जागेवरच्या छोट्या संगणकात आधीच शिकवलेलं मॉडेल असतं, ते सांगतं, 'हा बिबट्या असण्याची शक्यता इतकी'. ठरवलेल्या आकड्याच्या वर गेली की सायरन वाजतो आणि मोबाइलवर मेसेज येतो.

अडचण आकड्यांची आहे. समजा वस्तीवरच्या कॅमेऱ्यासमोर रात्रीत २०० वेळा काहीतरी हलतं: कुत्रं, मांजर, वासरू, वाऱ्याने पाचट. मॉडेल ९९ टक्के वेळा बरोबर आहे असं धरू. तरी रात्रीत दोन खोटे सायरन. बिबट्या दहा दिवसांतून एकदा येत असेल, तर एका खऱ्या इशाऱ्यामागे वीस खोटे. आठवड्याभरात घरातलं कुणीतरी सायरनची वायर काढून ठेवणार, हे मी लिहून देतो. ऑफिसात सर्व्हरचे अलर्ट आम्हीही असेच म्यूट करतो! सायरनचा आवाज तोच तोच असला की बिबट्यालाही त्याची सवय होते. म्हणून एका घरापेक्षा हा कॅमेरा गावाच्या शिवेवर, ओढ्याच्या वाटेवर, शाळेच्या रस्त्यावर जास्त कामाचा. तिथे मेसेज वनरक्षकाला जातो आणि तो फोटो बघून खरं-खोटं ठरवतो.

बॅटरीबद्दल एक छोटी युक्ती मात्र फुकट आहे. बिबट्याच्या डोळ्यामागे आरशासारखा पडदा असतो, तो उजेड आला त्याच दिशेने परत फेकतो. बॅटरी कमरेजवळ धरली तर तो चमकारा तुमच्या डोळ्यांपर्यंत कमी पोचतो. तीच बॅटरी कपाळावर असली की लांबूनही डोळे चमकताना दिसतात, आणि हातही मोकळे राहतात. तात्यांनी पहिल्याच रात्री एका बोक्याचे डोळे बघून शेजाऱ्याला फोन केला, ते सोडून द्या.

रात्री जायचंच कशाला?

हा प्रश्न शेवटी आईने विचारला, आणि सगळ्या चर्चेतला तो सगळ्यात बरोबर प्रश्न होता. तात्या रात्री रानात जातात कारण थ्री फेजची लाइट चक्राकार येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीत मोटर चालू करायला एक फेरी, बारं बदलायला दोन-तीन, बंद करायला एक. म्हणजे बंदूक ज्या प्रसंगासाठी हवी होती तो प्रसंगच विजेच्या वेळापत्रकाने तयार केलेला.

यातल्या पहिल्या आणि शेवटच्या फेरीला उत्तर आहे मोबाइल स्टार्टर. मोटरच्या पेटीत एक सिमकार्डचं यंत्र बसतं. फोन किंवा मेसेज केला की ते स्टार्टर ओढतं, तीनही फेज आहेत का बघतं, विहिरीचं पाणी संपलं आणि मोटर कोरडी फिरायला लागली तर करंट उतरल्यावरून ओळखून बंद करतं. नुसता ऑटो स्विच लावला तर लाइट आल्याबरोबर मोटर सुरू होते, पण बंद कधी करायची ते तुमच्या हातात राहत नाही, म्हणून मोबाइलवालाच घ्या. घेताना गावात कुठल्या कंपनीची रेंज मोटरपाशी मिळते ते आधी तपासा, घरापाशी मिळते म्हणून चालत नाही. आमची विहीर खोलगट भागात आहे, तिथे यंत्राचा अँटेना वायर वाढवून खांबावर न्यावा लागला.

मधल्या फेऱ्यांना उत्तर ठिबक. पाटपाण्यात माणूस लागतोच, कारण सरी भरली की दार मोडून पाणी पुढे घ्यावं लागतं. ठिबकवर व्हॉल्व फिरवला की झालं, आणि टायमरचे व्हॉल्व लावले तर तेही नको. खर्च आहे, नाही असं नाही. पण बंदूक, काडतुसं, ती ठेवायला कुलपाची पेटी हा खर्च मी शेजारी लिहून दाखवला तेव्हा तात्या नुसतं "हं" म्हणाले. आम्ही यंदा घराजवळच्या दोन एकरांवर ठिबक केलं, उरलेलं पाटावर आहे आणि त्याची पाळी दिवसाच्या लाइटलाच धरायची असं ठरलंय. 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी' योजनेत गावाच्या फीडरला सौर वीज मिळाली की दिवसा लाइट मिळते, आणि सौर पंप बसवला तर पंप चालतोच मुळी उन्हात. बिबट्याच्या तालुक्यांत या योजना आधी याव्यात ही मागणी मला बंदुकीच्या परवान्यांच्या मागणीपेक्षा जास्त नेमकी वाटते.

बिबट्या दिवसाही दिसतो, दिवसाही हल्ले झालेत. त्यामुळे शेळ्यांना वरूनही जाळी असलेला बंदिस्त गोठा, घराभोवती वीस-पंचवीस फुटांत ऊस न लावणं, पोरांना संध्याकाळी एकटं न सोडणं, खुरपायला चार जण मिळून जाणं आणि एकाने उभं राहणं, हे सगळं लागतंच. बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये सेव्ह करा, लहानांच्याही.

तरीही परवाना काढायचाच असेल तर

काहींना वरचं सगळं वाचूनही बंदूक हवी असेल, आणि डुकराचा त्रास असलेल्या भागात त्यात गैर काही नाही. ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकारी देतात. अर्ज ऑनलाइन होतो, पोलिसांचा अहवाल मागवला जातो, बंदूक सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो आणि ती कुलपात ठेवायची सोय दाखवावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका आणि परवान्याची मुदत पाच वर्षं. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढला आणि त्याने कुणाचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आंबेगाव-खेडच्या पश्चिम पट्ट्यातल्या वाचकांनी आणखी एक बघावं: अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची संमती लागते, आणि भीमाशंकर तिथून जवळ आहे.

शिवाय निवडणूक लागली की बहुतेक परवानाधारकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. विधानसभा, लोकसभा, जिल्हा परिषद अशी रांग लागली तर कुठल्या वर्षी ती किती दिवस घरात असेल, तेही मोजून ठेवा.